बोडीतल्या माशांच्या जखमा: औषध ओतण्याआधी काय बघायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भंडारा जिल्ह्यात तुमची एक एकराची बोडी, म्हणजे पावसाच्या पाण्यावर भरणारं छोटं तळं, आहे, पाण्याची खोली सरासरी दीड मीटर. ऑगस्टमध्ये तुम्ही कटला, रोहू आणि मृगलची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) सोडली, सोबत थोडे सायप्रिनस (कॉमन कार्प). डिसेंबरच्या मध्यावर बोडीतल्या रानटी मरळींच्या अंगावर लाल चट्टे दिसले, मग खोल जखमा झाल्या, काहींच्या शेपट्या झडल्या. आता मृगलवरही तेच दिसतंय आणि रोज थोडे मासे मरून काठाला लागतात. दुकानदाराने ‘फंगस झालाय’ म्हणून एक निळं-हिरवं द्रावण आणि खाद्यात मिसळायला अँटिबायोटिकची पूड दिली. दोन्ही वापरलं, फरक नाही. आता तुम्हाला यापेक्षा जोरदार औषध हवंय, आणि हे मासे विकता-खाता येतील का तेही विचारलंय.

जोरदार औषधाचं आधी बोलते. तुम्ही सांगितलेली लक्षणं बघता हा बहुतेक ‘ईयूएस’, म्हणजे माशांचा साथीचा व्रणरोग आहे. यात बुरशीचे धागे कातडीवर नसतात, आत मांसात शिरलेले असतात. पाण्यात टाकलेलं कुठलंच औषध तिथवर पोचत नाही. त्यामुळे ज्या माशाला खोल जखम झाली आहे त्याला बरं करण्यासाठी पैसे घालू नका. जो अजून धड आहे त्याच्या अंगात बुरशी शिरू नये, एवढ्याचसाठी आता धडपडायचं. तुमच्या बोडीत ते शक्य आहे असं मला वाटतं.

लांबून नाव पक्कं करणं बरोबर नाही, पण तुमच्याच वर्णनातल्या तीन गोष्टी ईयूएसकडे बोट दाखवतात. पहिली, थंडी पडल्यावर सुरुवात झाली. दुसरी, मरळ आधी पडली आणि मग मृगल. तिसरी तुम्ही ओझरती लिहिलीय, पण माझ्या दृष्टीने तीच सगळ्यांत मोलाची आहे: सायप्रिनसला काहीच झालेलं नाही. हा रोग मरळ, वाम आणि छोट्या काटेरी माशांना आधी आणि जोरात धरतो. भारतीय कार्पमध्ये लहान वयाचे मासे सापडतात, त्यातही मृगल जास्त. सायप्रिनस आणि तिलापिया त्याला सहसा दाद देत नाहीत. पाण्यात विष उतरलं असतं किंवा प्राणवायू कमी पडला असता, तर अशी जात बघून मासे सहसा मेले नसते.

तरी खात्री करून घ्या, कारण लाल चट्टा आणि जखम चार-पाच वेगवेगळ्या कारणांनी होते आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. जिवंत पण सुस्त असे मासे फेकजाळ्याने धरा. मेलेला मासा तपासायला निरुपयोगी असतो, त्यावर काही तासांत दुसरेच जंतू आणि बुरशा वाढतात. मासा ओल्या पांढऱ्या थाळीत ठेवा आणि उजेडात नीट बघा. मसुरीच्या डाळीएवढा, चपटा, जवळजवळ पारदर्शक किडा कातडीवर सरकताना दिसला आणि त्याला दोन काळे डोळे दिसले, तर ती माशांची ऊ, अर्गुलस. खवल्याखालून जाड दोऱ्याचं टोक बाहेर आल्यासारखं दिसलं तर तो लर्निया, ज्याला नांगरकृमी म्हणतात. अंगावर कापसासारखा पुंजका असेल, जो पाण्यात फुललेला दिसतो आणि बाहेर काढताच चिकटून लोळा होतो, तर ती सॅप्रोलेग्निया. ती बहुतेकदा आधीच दुखावलेल्या किंवा मेलेल्या कातडीवर वाढते. पोट फुगलेलं, डोळे बाहेर आलेले, खवले उभे राहिलेले आणि पोट दाबल्यावर पाणी, असं असेल तर एरोमोनाससारखे जिवाणू मुख्य असण्याचा संभव आहे.

ईयूएसची जखम वेगळी ओळखू येते. सुरुवातीला टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके कुशीवर, परांच्या मुळाशी, शेपटीजवळ येतात. खवले तेव्हा जागेवरच असतात. मग ठिपके पसरून चट्टा होतो, खवले गळतात आणि मधोमध उघडं मांस दिसू लागतं: आत लालसर-तपकिरी, कडेला फिकट पांढरी कड. मरळीत तर जखम हाडापर्यंत जाते. पाठीच्या कण्याचे मणके दिसतायत आणि तरीही मासा पाण्याच्या वर तोंड काढून संथपणे पोहतोय, हे ज्याने एकदा पाहिलं तो विसरत नाही. अशी मरळ कित्येक दिवस जगते आणि तेवढे दिवस तिच्या जखमेतून पाण्यात बीजाणू सुटत राहतात.

सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी अवघड नाही. जवळच्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे शिक्षक मदत करू शकतील. जखमेच्या मधला भाग घेऊ नका, तिथे कचरा आणि जिवाणूच सापडतात. कडेची ताजी लाल जागा निवडा, वरची कातडी सोलून खालच्या मांसाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढा आणि दोन काचपट्ट्यांत दाबून शंभर पट मोठा करून बघा. फांद्या फुटलेले, रुंद, आत आडव्या भिंती नसलेले धागे मांसात घुसलेले दिसले की संशय बराच पक्का होतो. शेवटचा शिक्का ऊतींच्या तपासणीने किंवा पीसीआरने लागतो. त्यासाठी सुरुवातीचे लाल चट्टे असलेल्या माशाच्या मांसाचे छोटे तुकडे १० टक्के फॉर्मालिनमध्ये पाठवता येतात. पीसीआरचा नमुना मात्र फॉर्मालिनमध्ये घालायचा नसतो, तो कशात पाठवायचा ते प्रयोगशाळेला आधी फोन करून विचारा. विदर्भात नागपूरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय तुम्हाला जवळ पडेल.

आता हा रोग असा का वागतो ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. याचं कारण आहे ॲफॅनोमायसेस इन्व्हाडान्स नावाचा जीव. सगळे त्याला बुरशी म्हणतात, मीही म्हणते, पण खऱ्या बुरशीशी त्याचं नातं लांबचं आहे. बुरशीवरची नेहमीची औषधं त्याच्यावर भरवशाने चालत नाहीत याचं एक कारण हेच. तो पाण्यात पोहणारे बीजाणू सोडतो. प्रत्येकाला दोन शेपट्या असतात आणि ते स्वतः पोहत मासा गाठतात. माशाची कातडी आणि तिच्यावरचा बुळबुळीत थर शाबूत असेल तर बीजाणूला आत शिरणं फार कठीण जातं. कातडीला जरा जरी ओरखडा असला की तो तिथे चिकटतो, रुजतो आणि धागा मांसात घालतो. लहान माशांत हे धागे आतल्या अवयवांपर्यंत आणि कधी डोक्याच्या कवटीपर्यंतही जातात.

मग थंडीच का? बीजाणू तयार व्हायला आणि सुटायला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस पाणी सर्वांत सोयीचं. नेमक्या त्याच तापमानात माशाची प्रतिकारशक्ती मंदावते. उबदार पाण्यात मासा त्या धाग्यांभोवती संरक्षक पेशींची भिंत बांधतो आणि त्यांना तिथेच कोंडून टाकतो. थंडीत ती भिंत उशिरा आणि अर्धवट बांधली जाते. पूर्व विदर्भात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं पाणी सहज या पट्ट्यात उतरतं. साधा तापमापक दोरीला बांधून सकाळी सहा-सातला दीड फूट खाली सोडा आणि आठवडाभर आकडे लिहून ठेवा. पाणी कधी उबदार होणार याचा अंदाज त्यावरून येईल आणि पुढचे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत.

कातडी दुखावते कशाने, हा दुसरा मुद्दा. जाळं ओढणं, बगळ्यांच्या चोची, ऊ आणि नांगरकृमी ही उघड कारणं. एक कारण डोळ्यांना दिसत नाही: पाण्याचा सामू (पीएच) घसरणं, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकणं. ऑस्ट्रेलियात, जिथे या रोगाला ‘लाल ठिपक्यांचा रोग’ म्हणतात, तिथे मोठ्या पावसानंतर आम्लयुक्त जमिनीतलं पाणी नदीत उतरून माशांची कातडी भाजते आणि मागोमाग हा रोग येतो, असं दिसून आलं आहे. आपल्या बोड्या पावसाच्या पाण्यावर भरतात, आणि अशा पाण्यात चुन्याचा अंश पुष्कळदा कमी असतो. म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रतिप्रश्न: पाण्याचा सामू आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) किती आहे? मासेपालनाच्या किटने पाच मिनिटांत कळतं. अल्कलिनिटी लिटरमागे ८० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ठीक. ५० च्या खाली असेल तर तुमच्या बोडीत चुना हेच पहिलं औषध. दुसरा प्रतिप्रश्न: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या धानाच्या बांधीतलं पाणी बोडीत उतरलं होतं का, किंवा बोडीत शिंगाडा लावून त्यावर फवारणी झाली का? रोग त्यामुळे होत नाही, पण मासा त्यामुळे आधीच खचलेला असू शकतो.

हा रोग तुमच्या बोडीत तुमच्या चुकीने जन्मलेला नाही, हेही सांगायला हवं. पहिली नोंद १९७१ ची, जपानमधली. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया, मग आग्नेय आशिया. १९८८ मध्ये बांगलादेशातून ईशान्य भारतात आला आणि काही वर्षांत केरळपर्यंत पोचला. तेव्हा आसाम-बंगालकडे घबराट एवढी होती की लोकांनी मासे खाणंच सोडलं. २००६-०७ मध्ये तो झांबेझीच्या खोऱ्यात, आफ्रिकेतही सापडला. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नोंदवायच्या रोगांच्या यादीत त्याचं नाव आहे.

आता तुमच्या बोडीत काय करायचं. आजपासून जाळं ओढणं बंद. तपासणीला दोन-चार मासे हवेत तर फेकजाळ्याने काढा आणि तेही एकदाच. मेलेले आणि मरायला टेकलेले मासे रोज सकाळी गोळा करून, बोडीपासून लांब खड्ड्यात, वर चुना टाकून पुरा. काठावर टाकलेला मासा कावळे-बगळे उचलून शेजारच्या बोडीत नेतात. जखमी मरळी शक्य तितक्या काढा. शेण टाकणं थांबवा, खाद्य निम्म्यावर आणा. थंड पाण्यात मासा खात नाही, उरलेली पेंड कुजते आणि त्याचा त्रास पुन्हा माशालाच.

मग चुना. प्रचलित मात्रा हेक्टरी, एक मीटर खोलीला २०० किलो कळीचा चुना, म्हणजे एका घनमीटर पाण्याला २० ग्रॅम. तुमची एक एकराची बोडी साधारण ४००० चौरस मीटर, खोली दीड मीटर, म्हणजे ६००० घनमीटर पाणी. त्याला एकूण १२० किलो चुना लागेल. हा सगळा एका दिवशी ओतू नका. ४० किलोचे तीन हप्ते करा, मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या आणि प्रत्येक हप्त्याआधी सामू बघा. चुना आदल्या संध्याकाळी विरवून ठेवा. विरवताना तो उकळतो आणि उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नका. सकाळी थंड झालेली निवळी आणि गाळ डोंग्यातून सगळीकडे सारखा शिंपडा. पाणी गडद हिरवं असेल तर दुपारी सामू आपोआप चढतो. दुपारचा सामू साडेआठच्या वर जात असेल तर कळीचा चुना थांबवा आणि हवा असल्यास शेतीची चुनखडीची पूड वापरा. सामू फार वाढला की पाण्यातला अमोनिया विषारी होतो, आणि रोगातून वाचलेले मासे चुन्याने मारल्याची उदाहरणं माझ्या पाहण्यात आहेत.

चुन्याच्या शेवटच्या हप्त्यानंतर चार-पाच दिवस जाऊ द्या, मग सीफॅक्स वापरता येईल. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने खास याच रोगासाठी तयार केलेलं हे द्रावण आहे. मात्रा हेक्टरी, एक मीटर खोलीला एक लिटर, म्हणजे तुमच्या बोडीला सुमारे ६०० मिलिलिटर. बाटलीवरच्या सूचना वाचा, भरपूर पाण्यात मिसळा आणि सगळीकडे शिंपडा. साधारण आठवड्याने फरक बघायचा. फरक म्हणजे काय, हेही नीट ठरवून घ्या. जुन्या खोल जखमा तशाच राहतील. नवे लाल ठिपके येणं थांबलं आणि उथळ जखमांच्या कडा काळपट पडून भरू लागल्या, तर उपाय लागू पडला.

पोटॅशियम परमँगनेटबद्दल लोक नेहमी विचारतात. माझ्या कामात मी ते बोडीभर टाकायला फारसं सांगत नाही. शेणखत घातलेल्या गढूळ पाण्यात ते गाळातच खर्च होतं आणि मात्रा वाढवत गेलं की माशांचे कल्ले भाजतात. जाळी, टोपल्या, बादल्या निर्जंतुक करायला मात्र ते चांगलं. दुकानदाराने दिलेलं निळं-हिरवं द्रावण मॅलाकाइट ग्रीन तर नाही ना, हे बाटली बघून कळवा. तसं असेल तर ताबडतोब बंद करा. खाण्याच्या माशांत त्याला बंदी आहे, त्याचा अंश मांसात दीर्घकाळ राहतो आणि कर्करोगाचा धोका धरला जातो. अँटिबायोटिकही थांबवा. जखमेत मागाहून जिवाणू शिरतात हे खरं, पण आजारी मासा खाद्य खातच नाही, त्यामुळे औषध धडधाकट माशांच्या पोटात जातं आणि उरलेलं पाण्यात. ज्याच्यासाठी आणलं त्याला काहीच मिळत नाही.

मासे काढून विकावेत की थांबावं, हे माशाच्या आकारावर आणि जखमींच्या प्रमाणावर ठरतं. तुमची ऑगस्टची बोटुकली आता फार तर दोन-तीनशे ग्रॅमची असतील. काढून त्यांना भाव येणार नाही आणि जाळं ओढल्याने उरलेल्यांची कातडी सोलून निघेल. फेकजाळ्यात दहा मासे आले आणि त्यातल्या दोन-तीनांवरच ठिपके असतील, तर चुना करून थांबा. फेब्रुवारीत पाणी २५-२६ अंशांच्या पुढे गेलं की मर ओसरते, आणि उथळ जखमांचे मासे काळा डाग ठेवून बरेही होतात. निम्म्याहून जास्त मासे जखमी असतील तर मी वेगळा सल्ला देईन, तेव्हा प्रमाण कळवा. गेल्या वर्षीचे किलोभराचे मासे बोडीत असतील तर ते धड आहेत तोवर, पण थंडीची लाट सरल्यावर, एकाच ओढीत काढावेत.

खाण्याचं म्हणाल तर हा रोग माणसाला होत नाही. हा जीव ३७ अंशांना, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला, वाढतच नाही. ते निळं-हिरवं द्रावण मॅलाकाइट ग्रीन नव्हतं हे पक्कं झालं, तर जखम नसलेला मासा नीट शिजवून खुशाल खा आणि विका. जखमी मासा मात्र विकू नका, घरीही रांधू नका, कारण त्या जखमेत इतर जिवाणू असतात. तो हाताळताना हाताला चीर असेल तर रबरी मोजे घाला. जखमी मासा एकदा बाजारात दिसला की गिऱ्हाईक पूर्ण तालुक्याचे मासे नाकारतं आणि ज्यांच्या बोडीत काहीच नाही ते ढीवर (मच्छीमार समाजाचे) बांधवही भरडले जातात. हे मला फार लागतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

पुढच्या वर्षाची तयारी उन्हाळ्यातच करावी लागेल. बोडी आटत असेल तर पूर्ण आटू द्या, तळ तडकेपर्यंत ऊन लागू द्या आणि पाणी भरण्याआधी चुना पसरा. आटत नसेल तर रानटी मासे काढण्यासाठी मोहाची पेंड वापरा, हेक्टरी एक मीटर पाण्याला २००० ते २५०० किलो. तुमच्याकडे मोह आहे म्हणून हे परवडू शकतं, पण पाणी जितकं कमी तितकी पेंड कमी लागते, म्हणून मे महिन्यातच करा. तिचं विष उतरायला दोन-तीन आठवडे लागतात, त्याआधी बीज सोडू नका. पाणी आत येतं तिथे बारीक जाळी बसवा, म्हणजे नाल्यातली मरळ आणि छोटे मासे शिरणार नाहीत. बीज ऑगस्टऐवजी शक्यतो जुलैत सोडा, थंडीपर्यंत जितकं मोठं होईल तितकं बरं. सोडण्यापूर्वी बोटुकली २ टक्के मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवा आणि अस्वस्थ झाली की लगेच काढा. मृगलचं प्रमाण कमी करून सायप्रिनस वाढवा. दिवाळी झाली की, ठिपका दिसण्याची वाट न बघता, सामू तपासून चुन्याचा एक हप्ता आणि सीफॅक्स एकदा. मच्छीमार संस्थेचं जाळं पाच बोड्यांत फिरत असेल तर प्रत्येक वेळी ते कडक उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय आपल्या पाण्यात उतरू देऊ नका. हा नियम संस्थेच्या बैठकीत सगळ्यांकडून मान्य करून घ्या, एकट्याने पाळून उपयोग नाही.

जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला लेखी कळवा, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या सरकारी मोबाईल ॲपवरही फोटोसह नोंद करा. मला पुढचं सांगायला चार गोष्टी लागतील: सकाळ-दुपारचा सामू, अल्कलिनिटी, सकाळचं पाण्याचं तापमान आणि दहा माशांपैकी किती माशांवर ठिपके आहेत तो आकडा. सोबत जखमेचा जवळून, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो आणि त्या औषधाच्या बाटलीच्या लेबलचा फोटो जोडा. पहिला चुना टाकण्याआधी हे पाठवलंत तर हप्त्याची मात्रा तुमच्या पाण्यानुसार कमी-जास्त करून देते.